सव्वा हात

रिटायर झाले त्याच महिन्यात ट्रॅक्टर घेतला.
लहानसा, अठरा एचपीचा,
द्राक्षाच्या दोन ओळींमधून अंग चोरून जाईल असा.
शोरूमवाल्यानं विचारलं, "साहेब येणारेत का?"
म्हटलं, साहेब मीच. चावी आण.

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई फुटलेली, आकडा घसरलेला,
किनार केसभर सरकली तरी बाजूला.
डोळ्यांना खोडच लागली ती.
लग्नात अक्षता टाकताना मांडवाचा खांब कलता दिसतो मला.

आशेवाडीच्या शिवारात आमची पाऊण एकर,
समोर रामशेज.
अप्पा गेल्यापासून तिकडं कुणी कुदळ नेली नव्हती.
घाणेरी पुरुषभर, तिच्या पोटात वेडी बाभूळ,
आणि सगळ्याच्या तळाशी
मोडलेल्या बागेची तार, विसरलेली.

पहिल्याच दिवशी रोटाव्हेटरनं तार गिळली.
बोल्ट तुटला. मी खाली पालथी पडून
पकडीनं एकेक वेढा सोडवला,
दिवस मावळेस्तोवर बादलीभर गंज.
भाचा म्हणाला, "मावशी, जेसीबी बोलवा,
दोन तासांत मैदान करतो."
मला मैदान नको होतं.
बोर ठेवायची होती. कडुलिंबाची दोन पोरं ठेवायची होती.
घाणेरीच्या बुंध्याला साखळी, पहिला गिअर,
क्लच हळूहळू सोडायचा,
मूळ कुरकुरतं, मग एकदम ऐकतं.

राहिला बांध.
त्या बांधावर आमचं बालपण बंद होतं.
"पुंजाबानं आपली जमीन खाल्ली,"
अप्पा भाकरी मोडताना म्हणायचे,
तालुक्याहून तारीख घेऊन आले की म्हणायचे,
तापात बरळले तेव्हाही तेच.
पुंजाबाच्या विहिरीचं पाणी आम्ही कधी प्यायलो नाही.
ते गोड आहे, असं ऐकून होतो.

नवव्या दिवशी ब्लेड कशावर तरी खणकलं.
माती हातानं सारली.
घडीव दगड, डोक्यावर फुली.
मोजणीचा.
बांधाच्या अलीकडं. आमच्या बाजूला.

इंजिन बंद केलं.
कोपरापासून बोटापर्यंत एक हात, वर सहा बोटं.
पुन्हा मोजलं.
एक दगड खोटं बोलेल म्हणून
दुसऱ्या टोकाची घाणेरीही ओढून काढली.
तिथंही फुली. तिथंही सव्वा हात.

साखळी हातातच होती.
दोन मिनिटांचं काम. पहिला गिअर, हळू क्लच.
बघणारं कोण? रामशेज?
त्यानं याहून मोठ्या चोऱ्या बघितल्यात.
मी साखळी गुंडाळून सीटखाली टाकली
आणि तिच्यावर बसले.
पाणी प्यायले. बाटलीतलं, कोमट.

पुंजाबाही आता नाहीत.
त्यांची सून शेवंता पलीकडं शेळ्यांना पाला तोडत होती.
हाक मारली.
नाव घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा.

ती आली. दगडाकडं बघितलं,
चपलेच्या टोकानं फुलीतली माती काढली.
मला वाटलं, आता शिव्या. नाहीतर हसेल.
म्हणाली, "आमचे मामंजी जाईस्तोवर सांगायचे,
बांधाचं काढू नका कुणी,
बहुतेक आपणच त्यांची खाल्लीय थोडी."

मग दोघी गप्प.
एक शेळी माझ्या टायरला अंग घासत होती.

शेवंतानं ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली,
सायलेन्सरला हात लावायला गेली, चटका बसला.
"तासाला काय घेता?
आमच्या वरच्या तुकड्यातबी लई घाणेरी माजलीय."

आठशे, म्हटलं.
सव्वा हाताचं काय ते वजा करू.

"डिझेल माझं," ती म्हणाली.

बरं. उद्या सातला येते.
जमिनीत तार असेल तर
आधी सांग.