तिसऱ्या गिअरला

मालेगावहून कापडाचे गठ्ठे भरून येताना
राहूड घाटात गाडी विचार करू लागते.
ॲक्सिलरेटर पार तळाला,
आणि ती घुटमळते,
उंबऱ्यात चप्पल शोधणाऱ्या पाहुण्यासारखी.

एकानं फिल्टर बदलला. एक म्हणाला, इंजेक्टर गेले.
तिसऱ्यानं गाडीभोवती चक्कर मारली: विकून टाका.

द्वारकेचे मुनाफ मिस्त्री बॉनेटला हातच लावेनात.
"ताई, रिकामी असतानाही करते?"
नाही, भरलेली असली की.
"टाकी अर्ध्याखाली गेल्यावर?"
अकरा वर्षं चालवतेय,
हे कधी पाहिलंच नव्हतं.

मग डिझेलच्या वाटेत त्यांनी
सलाईनची नळी जोडली. म्हणाले, रेस द्या.
मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक.
"हवा पितेय. दम कुठून राहणार?"
टाकीजवळ, क्लिपखाली, नखालाच कळेल एवढी चीर.
वीतभर रबरी पाइप लागला.
चहाचे पैसेही त्यांनीच दिले.

गुरुवारी पुन्हा घाट. काटा पाव टाकीवर.
गाडी सरळ चढली, काही न बोलता.
वळणावर माझाच पाय
जुन्या सवयीनं
क्षणभर थांबला.