दीड ग्रॅम

वाळूजच्या टूलरूममध्ये मी दिवसभर मायक्रॉन मोजते,
म्हणून घरातही एक वजनकाटा असतो, साखरेच्या डब्याशेजारी.
स्टेमचा जुना बोल्ट, स्टीलचा: साडेतीन ग्रॅम.
कुरिअरनं आलेला टायटॅनियमचा: दोन.
चार बोल्ट, सोळाशे रुपये,
सहा ग्रॅमची बचत.

मुनीर मिस्त्री हसला नाही.
गिऱ्हाइकाच्या पैशाला मिस्त्री हसत नसतात.
एवढंच म्हणाला, "ग्रीस लावल्याबिगर पिळू नका, ताई.
हे धरलं की धरलं, सोडत नाही.
लोखंडाचं बरं असतं, गंजतं, पण गंजताना सांगतं."

बाबांनी एक बोल्ट तळहातावर घेतला.
जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये एकतीस वर्षं
लाल सळई चिमट्यात धरून वळवली त्यांनी.
मनगटापासून कोपरापर्यंत ठिणग्यांचे पांढरे ठिपके,
तिथं अजून केस येत नाहीत.
आडत्यानं हरभरा जोखावा तसा हात दोनदा वरखाली केला.
"हातात काही आल्यासारखं वाटंना गेलंय."
"स्टेनलेस आहे का?"
"नाही."
"मग?"
विमानात वापरतात, मी म्हणाले.
त्यांनी तो परत दिला,
शेजाऱ्याचं तान्हं पोर परत द्यावं तसा.

डिसेंबरात, म्हैसमाळच्या मागच्या उतारावर,
एका सुट्या धोंड्यानं मला घाणेरीत फेकलं.
मोज्यांत कुसळं, गुडघ्यात मुरूम,
हँडल खुलताबादकडं आणि चाक वेरूळकडं.
सरळ करायला चारही बोल्ट सैल केले
आणि चौथा बोटांतून गेला.
आवाज नाही.
स्टील पडतं तेव्हा दगडाला कळतं.

तीन बोल्टांवर घरी आले, ब्रेक दाबत दाबत,
दर खड्ड्याला मनातल्या मनात माफी मागत.

रविवारी बाबा बूट घालून तयार.
"चल, कुठं पडलाय दाखव."
पिशवीत पाण्याची बाटली, दोन दशम्या,
आणि जुन्या स्पीकरचं चुंबक, सुतळी बांधलेलं.
मिलमधून येताना तेवढंच आणलं होतं त्यांनी.

टायटॅनियमला चुंबक लागत नाही,
हे मला माहीत होतं.
स्कूटी सुरू करताना सांगता आलं असतं.
दौलताबादच्या चढावर सांगता आलं असतं.
ते मागं बसून सिमेंटच्या भावाबद्दल बोलत होते,
आणि त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर होता.

मग तासभर ते वाकून चालले,
सुतळीला ओढ देत, सीताफळाच्या बुडख्यांमधून.
चुंबकाला दाढी आली, काळ्या रेतीची.
घोड्याच्या नालेचा एक खिळा मिळाला.
चेनची एक कडी.
छत्रीची काडी, गंजून बोरीच्या काट्यासारखी झालेली.
प्रत्येक वस्तू ते नाकाजवळ नेत, वास घेत,
आणि शर्टाच्या खिशात टाकत.

"बाबा," मी शेवटी म्हणाले, "त्याला चुंबक लागत नाही."
"माहिताय की.
पहिल्या दिवशीच लावून बघितलं,
तू आंघोळीला गेलतीस तेव्हा."
"मग?"
त्यांनी चुंबकाची दाढी बोटांनी पुसली,
पायाखालच्या काळ्या दगडाकडं बघितलं.
"ह्या डोंगरात लोखंड आहे,
हे मला ठाऊक नव्हतं," म्हणाले.
आणि पुन्हा वाकले.

आता स्टेमवर तीन राखाडी, एक काळा.
काळा मुनीरनं दिला, पैसे घेतले नाहीत.
पावसाळ्यानंतर त्याच्या डोक्याभोवती
हळदीच्या बोटासारखा गंज उमटेल,
मी तो पुसेन किंवा नाही.
चौघांनाही पाचच न्यूटन-मीटर,
टॉर्क रेंच भेदभाव करत नाही.

काट्यावर ठेवली तर सायकल दीड ग्रॅमनं जड भरेल.
मी ठेवलेली नाही.
पण म्हैसमाळच्या त्या वळणावर,
जिथं चौथा अजून कुठल्यातरी कुसळाखाली
न गंजता पडून आहे,
हँडल किंचित उजवीकडं झुकतं
असं मला वाटतं.
मोजायला गेलं तर काहीच निघणार नाही.