कार्ड क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी

मी डेव्हलपर आहे
हे मला त्यांच्या नोटिशीतूनच कळलं.
तोवर मी माझगावच्या शाखेत
विम्याचे हप्ते नोंदवणारी बाई होते,
आणि शनिवारी संध्याकाळी माथारपाखाडीत
फिलू तुस्कानोच्या ओट्यावर
‘सात बंदरं’ खेळणारी.

तीनशे बारा कार्डं. अक्षर मुंगीएवढं.
फिलू गोदीत टॅली क्लार्क होता.
पेट्या मोजता मोजता
आधी कडेच्या पेट्या दिसेनाशा झाल्या,
मग मधल्याही.
डॉक्टर म्हणाले, पडदा.
फिलू म्हणाला, म्हणजे नाटक संपलं का?
आणि पत्ते पिसायला घेतले.

म्हणून मी ते बनवलं.
पाच महिने, रात्रीची भांडी आवरल्यावर,
एकेक कार्ड मराठीत आणलं, टाइप केलं.
फोन कार्डावर धरला की फोन बोलायचा:
मसाल्याचा भाव दुप्पट.
डावीकडच्याला एक पिंप द्या.
आवाज यंत्राचा. पिंपाचा तो पंप करायचा.
आम्ही हसायचो, फिलू जिंकायचा.
पुढे कुणी सोलापुरात ते उतरवून घेतलं,
कुणी नैरोबीत.
एकूण एक्केचाळीस माणसं.
एकाकडूनही मी कपभर चहा घेतलेला नाही.

नोटीस सभ्य होती.
आपल्या उत्साहाचं आम्हाला कौतुक आहे,
आणि खाली: बहात्तर तास.

पेटिटबाईंचा भाचा वकिली शिकतो,
आमच्यात चौथा खेळाडू तोच.
तो म्हणाला, नियम कुणाच्या बापाचे नसतात, मावशी,
पण नियम सांगणारी वाक्यं असतात.
चित्रं तर असतातच.
आणि मराठी? ती मी केली ना?
तो गप्प बसला.

आमची खोली पागडीची.
पावतीवर नाव मालकाचं,
भिंतीतला खिळा वडिलांनी ठोकलेला.
ते म्हणायचे, खिळा आपला, भोक मालकाचं.
लहानपणी मला हा विनोद वाटायचा.

खरं सांगायचं तर
प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात
चित्रकाराची बारीक सही आहे.
शिडाची दोरी न् दोरी काढलीय त्यानं.
तोही कुठे भाड्यानं राहत असेल,
त्याचेही हप्ते कुणी नोंदवत असेल.
दोन रात्री मी त्या सहीकडे बघत बसले.
राग ठेवायचा कुठे तेच कळेना.

सत्तराव्या तासाला पुसून टाकलं.
दोन तास त्यांना परत दिले.

शनिवारी फोन मुका.
फिलू म्हणाला, नंबर तेवढा सांगत जा,
ऐकून ऐकून पाठ झालंय.
आणि खरंच.
सतरा. एकशे चार. दोनशे साठ.
घडाघडा, त्याच यंत्राच्या चालीत,
पंपसुद्धा जसाच्या तसा.
भाचा म्हणाला, यांना नोटीस
कुठल्या पत्त्यावर पाठवायची?

एकशे अठ्ठ्याऐंशीला अडला.
मान वर, पापण्या मिटलेल्या.
शेजारच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या,
तरी त्याचं शोधणं चालूच.
गोदीतही असाच उभा राहायचा म्हणे,
एखादी पेटी हिशेबात लागली नाही की.

मग म्हणाला,
भरती आली.
सगळ्यांची गलबतं धक्क्याला लागली.
या फेरीत कुणी कुणाचं
काही देणं लागत नाही.

मी कार्ड डोळ्यांजवळ नेलं.
वादळ होतं. दोन गलबतं बुडाली,
वर दंड.

बरोबर ना? फिलूनं विचारलं.

हो, म्हटलं,
आणि कार्ड उपडं ठेवलं.
भाच्यानं माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ,
मग बोटानं हळूच
आपलं गलबत धक्क्याला लावलं.