कमाल विद्यार्थी : बारा

संदर्भसूचीत चार पुस्तकं लिहिली,
दोन तर मी वाचलेलीही नाहीत.
पाचवं नाव : रुझार, चोडण.
पोर्टल अडलं. प्रकाशनाचं वर्ष भरा.
त्याचं जन्मसाल टाकलं, तेही अंदाजे,
बाप्तिस्म्याची वही बांध फुटला तेव्हा भिजली होती.

सात वर्षं ताळगावच्या पठारावर, तासिका तत्त्वावर,
मी दुसऱ्यांचेच विषय शिकवतेय.
हा माझा : खाजनशेती, दोन श्रेयांक.

अर्ज तसाच ठेवून फेरीबोट धरली.
तो मानशीवर बसलेला,
खाडीच्या त्या लाकडी दारावर,
ओहोटीची वाट बघत.
"पोरं किती?"
जास्तीत जास्त बारा.
"दार उचलायला दोघं पुरतात.
बाकीची दहा काय करणार?"
चर्चा, म्हटलं.

तो हसला नाही.
पाण्याकडे बघितलं, उठला.
"धर."

फळी जड, शेवाळाने बुळबुळीत.
शेतातलं पाणी आधी नुसतं थरथरलं,
मग निघालं.
मुदत पाचची होती.
पाचला दहा कमी असताना फोन काढला,
‘सादर करा’वर बोट टेकवलं,
चिखलाचं बोट त्याला ओळखता येईना.
रुझारने न बोलता
सदऱ्याचं टोक पुढे केलं.