नोंदलेल्या किल्ल्या

चिआतुरात खाणीचा भोंगा वाजून गेल्यावर
बाईंचा फोन आला. किल्ली हरवली म्हणाल्या,
आणि मग, जरा थांबून : हरवली असंही नाही.

मी दारं उघडतो, गाड्या चालू करून देतो :
जपानी, जर्मन, अमेरिकेतल्या लिलावात ठोकर खाऊन निघालेल्या
आणि रुस्तावीच्या बाजारात रंग चढवून
दुसऱ्या घरी नांदायला आलेल्या.
त्यांच्यासोबत बहुतेक एकच किल्ली येते. जोडीची दुसरी
तिकडे ओहायोत कुणाच्या तरी खणात पडून असणार.

चौथ्या इमारतीखाली राखाडी सुबारू,
काचेवर मँगनीजची काळी साय,
सायीत कुणा पोरानं बोटानं काढलेला मासा.
त्सिआला बाई घरातल्या सपातांवरच खाली आल्या.
शाळेत भूगोल शिकवायच्या मला.
त्यांनी ओळखलं नाही, मीही ओळख दिली नाही.

दार वीस सेकंदांत उघडलं.
"एवढंच?" त्या म्हणाल्या, थोड्या दुखावल्यासारख्या.
दार कुणीही उघडतं, बाई.
पात्याचे दातही मी खाचा बघून कापतो.
कापले, फिरवलं. इंजिन खोकलं
आणि दोन सेकंदांत गप्प झालं.
किल्लीचं लाल चित्र तेवढं लुकलुकत राहिलं.

मग मी नेहमीचं सांगायला लागलो.
किल्लीच्या काळ्या डोक्यात तांदळाएवढी चिप असते.
तिला सेल नाही, तिचं स्वतःचं असं बळ नाही.
कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. ती जवळ आली
की ते तिला घासभर वीज भरवतं
आणि हाक मारतं : एक आकडा, दर वेळी वेगळा.
तिनं त्याला ओ द्यायची.
उत्तर काढायचं गुपित दोघांनाच ठाऊक
आणि ते दोघंही कधी मोठ्यानं बोलत नाहीत.
चोरानं शेजारी उभं राहून सगळं ऐकलं
तरी त्याच्या हाती लागते ती कालची ओ. आज शिळी.

"एकोणचाळीस वर्षं," बाई म्हणाल्या. पुढं काही नाही.

मशीन जोडलं. पडद्यावर : सोळा मिनिटं थांबा.
या गाडीचा स्वभावच तसा,
परक्याला आधी उंबऱ्याबाहेर ताटकळत ठेवते.

तेवढ्यात त्यांनी सांगितलं.
मुर्मानीला तपकिरी कॉर्डरॉयचा कोट घातला.
नणंद म्हणाली नवा घाला, पण नवा त्याला टोचायचा.
खिसे कुणी बघितले नाहीत.
अशा वेळी खिसे कोण बघतं?
चाळिसाव्याला डोंगरावर टेबल मांडलं, वाइन ओतली,
उतरताना भाचा म्हणाला, मावशी, गाडी का काढत नाहीस.
तेव्हा.

मी कानस पुसली. ती आधीच पुसलेली होती.

नोंदलेल्या किल्ल्या : एक.
गेलेली किल्ली पुसून टाकायची, असा नियम आहे,
नाहीतर जिला सापडेल ती व्यक्ती गाडी घेऊन जाईल.
हे मी सवयीनं बोललो आणि जीभ चावली.
"कुणाला सापडेल?" त्यांनी विचारलं. चक्क हसल्या.

मग हळूच : "ती बिघडेल का रे? मातीत?"
पातं गंजेल, म्हटलं. चिप काचेत बंद असते.
सेलच नाही, तर संपायचं काय?
वेटोळं कधी जवळ आलं तर…
इथं थांबलो. बोलण्याच्या ओघात
माणूस कुठल्या कुठं जातो.

नवी जोडली. जुनी राहू दिली.
नोंदलेल्या किल्ल्या : दोन.

पैसे निम्मेच घेतले. बायकोला सांगेन,
सुबारू सोपी असते.

इंजिन चालू झालं, काचेवरचा मासा थरथरला.
सीट मागे होती, त्याच्या पायांच्या मापाची.
मी खालचा दांडा दाखवला.
"आज नको," त्या म्हणाल्या,
आणि पुढं सरकून, सपातेच्या टोकानं
क्लच चाचपू लागल्या.