कस

पट्टी पन्नास रुपयांची. मिरजकर तिकटीच्या मेडिकलवाल्यानं
न सांगता काळ्या पिशवीत घातली.
एक रेघ ठळक. दुसरी
आहे म्हटलं तर आहे.

जाऊबाईंनी पुण्याहून पाठवलेली डिजिटल, सातशेची.
तिनं सरळ 'नाही' लिहिलं
आणि दिवस मावळायच्या आत विझून गेली.

फोनमधलं ॲप म्हणालं, फोटो पुन्हा काढा,
उजेड कमी आहे.
गुजरीतल्या मागच्या खोलीत
पहाटे पाचला कसला आलाय उजेड.

मग ह्यांचं भिंग घेतलं,
साजाच्या पानड्यांचा डाक तपासायचं.
डोळ्याला लावलं तर रेघेआधी
माझंच बोट दिसलं, केवढं तरी मोठं, थरथरणारं.

हे मागं कधी येऊन उभे राहिले, कळलं नाही.
पट्टी घेतली, दिव्याखाली तिरकी धरली,
कसोटीचा दगड धरतात तशी.
काळ्यावरची पिवळी रेघ वाचण्यात
ह्यांची वीस वर्षं गेली.
ही पांढऱ्यावरची, गुलाबी.

बराच वेळ गप्प.
"फिकी हाय," म्हणाले,
"उद्या परत कस लावूया की."

आणि डबीत ठेवली, कापसात,
गिऱ्हाइकाचं सोनं ठेवतात तशी,
चिठ्ठीवर वजन न लिहिता.