कूलरएवढी खिडकी

खोली बघायला गेलो की
भिकन आधी खिडकीला वीत लावतो.
अडीच वीत आणि दोन बोटं लागतात.
घरमालकाला वाटतं, पडद्याचं माप घेतोय.
"काय मोजी राह्यले भो?"
भिकन म्हणतो, "काही नाही, हवा."

कूलर पत्र्याचा, निळा.
लग्नाच्या वर्षी जामनेर रोडच्या वेल्डरकडून
हप्त्यानं करून घेतलेला.
भुसावळात मंगळसूत्राआधी कूलर लागतो, सासू म्हणायची,
आणि खरंच, मंगळसूत्र दोनदा गहाण पडलं,
कूलर एकदाही नाही.

खडका रोडला वरचा मजला, डोक्यावर पत्रा, मोरी बाहेर.
मालकीण म्हणाली, कूलर लावायचा नाही,
पाणी भिंतीत मुरतं.
मे महिन्यात आम्ही तिघं ओल्या चादरी घेऊन निजायचो.
चादर वाळायच्या आत डोळा लागला पाहिजे,
अशी शर्यत.
बहुतेक वेळा चादर जिंकायची.

जळगाव रोडला खिडकी मापाची होती,
पण सबमीटर, आणि युनिटला बारा रुपये.
भारंबे आप्पा रात्री गच्चीवरून कान लावायचे
खाली पंखा फिरतोय की मोटार.
माणूस वाईट नव्हता.
हिवाळ्यात भरीत-पुरी पाठवायचे खाली,
आणि अकरावा महिना लागला की
त्याच ताटलीखाली
नव्या भाड्याची चिठ्ठी.

साकेगावला विचारलं, तुम्ही कोण?
आम्ही म्हटलं, भाडेकरू.
तसं नाही हो. कोण?
कूलर टेम्पोतून उतरवलाच नाही.

मग कळलं, पालिका घरं देणार आहे,
विकत नाही, भाड्यानं.
अठराशे रुपये, तीन वर्षं वाढ नाही,
वर कान लावणारं कोणी नाही.
भिकन यार्डातून आला तसाच, ग्रीसच्या हातानं
फॉर्म घेऊन आला. कोपऱ्यावर अंगठा उमटला होता,
सही न करताच.

खिडकी क्रमांक चारला तडवी मॅडम.
म्हणाल्या, या शहरात दहा वर्षं राहता, याचा पुरावा?
रेशन कार्डावर सासऱ्याचं गाव.
गॅसच्या पुस्तकावर दोन खोल्यांमागचा पत्ता.
आधारवर त्याच्याही मागची खोली,
तिथे आता मोबाईलचं दुकान.
करारनामा कोणीच कधी केला नाही,
भाड्याची पावती मागितली की मालक
आपल्याकडे पोलीस आल्यासारखे बघायचे.
भिकन म्हणाला, मॅडम,
तीन घरांच्या भिंतींवर आमच्या कूलरचा डाग आहे.
चला, दाखवतो.

मॅडम हसल्या नाहीत.
पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.
पोरीची शाळा बदलली का?
नाही. खोल्या बदलल्या, शाळा तीच.
खडका रोडवरून पाऊण तास चालायची टिनू,
दप्तर डोक्यावर धरून, उन्हासाठी.
मग शाळेचा दाखला आणा, मॅडम म्हणाल्या,
पहिलीपासूनचा.
टिनूला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस
घराची मालकीण असल्यासारखी वागली.

नमुन्याची खोली बघायला गेलो, हायवेच्या पलीकडे.
चौथा मजला. मोरी आत. नळाला पाणी नव्हतं, पण नळ होता.
मी ओट्यावर हात फिरवला,
टिनूनं दाराची कडी सात वेळा लावली, काढली.
भिकन खिडकीपाशी गप्प.
दोन वीत. गज पक्के.
ठेकेदाराचा माणूस म्हणाला,
काका, नकाशा पुण्याहून आलाय.
पुण्याला काय माहीत, भिकन म्हणाला,
आणि पुढचं काही बोलला नाही.

त्या रात्री त्यानं टिनूचा खडू घेतला.
कूलरच्या निळ्या पत्र्यावर
दोन वितींवर एक उभी रेघ ओढली.
वेल्डर किती घेईल ग कापायचे?

यादी दिवाळीनंतर लागणार आहे.
साडेआठशे अर्ज, एकशेवीस खोल्या.
मी रोज कूलर पुसते.
रेघ सोडून पुसते.